कोटाचा किल्ट

निऱ्या पुढे असतात. हे जयंतीला कुणी शिकवलं नव्हतं. ताटात मीठ कुठं वाढायचं हे तरी कुणी बसवून शिकवतं का? आईच्या साडीच्या निऱ्या पुढे, आत्याच्या नऊवारीच्या पुढे, सोवळं नेसलेल्या गुरुजींच्याही पुढेच. त्यामुळे २०१० साली ग्लासगोत तिच्या नवऱ्याच्या, श्रीहरीच्या, लॅबमधल्या मित्राचं लग्न निघालं आणि श्रीहरीनं हौसेनं भाड्याचा किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा निऱ्यांचा घागरा, आणला, तेव्हा तिनं तो त्याला निऱ्या पुढे घेऊनच नेसवला. छान नेसवला. एकेक निरी बोटांनी सारखी केली, पट्टे आवळले, दोन पावलं मागे सरकून पाहिलं आणि स्वतःवरच खूश झाली.

चर्चच्या दारात सगळे हसले. किल्टच्या निऱ्या मागे असतात आणि पुढचा भाग सपाट असतो, हे तिला तिथं कळलं, तेही नवरीच्या बापानं श्रीहरीला भिंतीआड नेऊन तो फिरवून बांधून दिल्यावर. श्रीहरी स्वतःही पोट धरधरून हसला आणि मग संध्याकाळभर नाचला. जयंती हसली नाही. निऱ्या बसायच्या बाजूला? बसलं की चुरगळणार, उठलं की विस्कटणार. असला पोशाख काढणाऱ्यांनी वर तिलाच हसावं? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या देशातून निघेपर्यंत उतरली नाही.

श्रीहरीला मात्र त्या दिवसापासून किल्टचं वेड लागलं. २०१२च्या एप्रिलमध्ये, जपानातल्या ११ मार्चच्या भूकंप-त्सुनामीला वर्ष उलटल्यावर, तो सेंदाईच्या विद्यापीठात रुजू झाला तेव्हा सामानात प्रेशर कुकरशेजारी एक नवा कोरा किल्ट होता. लाल. साधासुधा लाल नव्हे, हिरव्या-पिवळ्या चौकडीचा, दुरून येणारी बस थांबवेल असा. पुढे लटकवायला केसाळ पिशवी, तिला तीन गोंडे. झालरीचा सदरा. पायमोज्यात खोचायची छोटी सुरी. विभागाच्या वर्षअखेरच्या मेजवानीला तो हे सगळं चढवून गेला, चेरीच्या झाडांखाली डबे खायला जमलेल्या लोकांत गेला आणि मराठी मंडळाच्या दिवाळीलाही गेला. शिवाय बॅगपाइप शिकायला लागला. त्या वाद्याला आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही. वाजलं तर पूर्ण, नाहीतर नाही. शेजारच्यांची चिठ्ठी आल्यावर जयंतीनं त्याला वाद्यासकट हिरोसे नदीच्या काठावर पिटाळलं.

मंडळाचे अध्यक्ष दिगंबरराव म्हणजे सेंदाईतल्या अकरा मराठी घरांना न मागता मिळालेले वडीलधारे. जपानात वीस वर्षं काढलेली, त्यामुळे त्यांना सगळं माहीत असायचं.

"वहिनी, श्रीहरीचा परकर झकास आहे हं," फराळाच्या ताटावरून ते म्हणाले. "ब्लाउजपीसही आणलाय का मॅचिंग?"

हॉलभर लोक खिदळले. जयंतीला स्वतःलाही त्या लाल प्रकाराचा वैताग होताच. पण नवऱ्याच्या कपड्यांवर वैतागायचा हक्क तिचा होता, दिगंबररावांचा नव्हता.

"परकराला नाडी असते, दिगंबरराव," ती म्हणाली. "याला कातडी पट्टे आहेत. चष्मा लावून बघा."

पुढच्या वर्षी श्रीहरीला सेंदाईतला एक पाइप बँड सापडला. सात माणसं, सगळी जपानी. म्होरके सुगावारासान, शहरबस चालवून निवृत्त झालेले; शिवाय एक दातांचे डॉक्टर, माशाच्या वड्या करणारे दोघे भाऊ, असे. आठवा श्रीहरी. तिथं गेल्यापासून त्याच्या किल्टमधला एकेक दागिना गळायला लागला. आधी सुरी गेली, कारण स्टेशनसमोरच्या चौकीतल्या पोलिसानं त्याला पाऊण तास बसवून ती कशासाठी हे लिहून घेतलं. मग झालर गेली. शाईच्या रंगाचा साधा सदरा आला. मग गोंड्यांची पिशवी गेली. तिच्याऐवजी पाकीट मावेल एवढी चामड्याची साधी थैली आली.

लाल किल्ट गेला तो मात्र एका दिवसात. त्सुनामीत घरं वाहून गेलेल्यांसाठी शहरात तात्पुरत्या पत्र्याच्या चाळी बांधल्या होत्या, तिथल्या बैठकीच्या खोलीत बँड वाजवायला गेला. बाकीच्यांचे किल्ट गडद हिरव्या-निळ्या चौकडीचे. श्रीहरीचा अजून शिवून यायचा होता, म्हणून तो लाल घालून गेला. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा दिला, संत्री दिली. घरी आल्यावर त्यानं किल्ट डांबराच्या गोळ्या घालून बॅगेच्या तळाशी ठेवला.

"काय झालं?" जयंतीनं विचारलं.

"तिथं सगळ्यांच्या अंगावर कुणीतरी दिलेले कपडे होते," तो म्हणाला. "नवीन कपडे घातलेला मी एकटाच."

त्यानंतर तो बँडचा हिरवा-निळाच घालायचा. तोच तो, काठ झिजला तरी.

नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला जपानात आठवड्याला अठ्ठावीस तासच काम करता येतं. त्या अठ्ठावीस तासांत वनस्पतिशास्त्रातली एम.एस्सी. कुठं बसवायची हे कुणालाच सुचलं नाही, म्हणून जयंती घराजवळच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात इस्त्रीला लागली. शाळेच्या मुलींचे निऱ्यांचे स्कर्ट ढिगानं यायचे. एका स्कर्टला चोवीस निऱ्या, आणि एक जरी वाकडी गेली तरी मालकीण सगळा स्कर्ट परत ओला करायला लावायची. किमोनोची घडी घालतानाही तिचा एकच धोशा. "डावी बाजू वर. उलट कधीच नाही." जयंतीनं एकदा का म्हणून विचारलं. "तसं करत नाहीत," मालकीण म्हणाली. जपानात एवढं उत्तर कुठल्याही प्रश्नाला पुरतं, आणि जयंतीला त्याचा दर वेळी तितकाच राग यायचा.

दुकानाच्या मागच्या खोलीत एका दांडीवर काही कपडे टांगलेले होते, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. त्यांच्यावर २०११च्या मार्चच्या चिठ्ठ्या होत्या. किनाऱ्याकडच्या गिऱ्हाइकांचे. मालकीण ते टाकून देत नव्हती आणि त्यांच्याविषयी बोलतही नव्हती.

२०१४च्या शरदात एक पंचाहत्तरीची बाई दुकानात आली. बुटकी, ताठ. तिनं पाकिटातून घडी पडून फाटायला आलेली पावती काढून दोन्ही हातांनी पुढं केली. तारीख, आठ मार्च २०११. नाव, चिबा. जयंतीनं मागून कोट आणला. पुरुषाचा, जाड राखाडी लोकरीचा. बाईनं पिशवीवरूनच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मार्च लागला म्हणून मीच धुवायला टाकला," ती म्हणाली. "हे म्हणत होते, अजून थंडी आहे. मी म्हटलं, कुठं आहे? अकरा तारखेला बर्फ पडला."

एवढंच म्हणाली. नवरा सापडला का, हे जयंतीनं विचारलं नाही. पुढं कधीतरी चिबासाननीच सांगितलं, की सापडला नाही.

त्या दिवशी इस्त्रीच्या टेबलावर श्रीहरीचा बँडचा किल्ट पसरलेला होता, मालकिणीची नजर चुकवून. चिबासानची नजर त्यावर गेली. पन्नास वर्षं किमोनो शिवलेल्या बाईची नजर ती. त्यांनी वाकून एक निरी उलटून पाहिली.

"शिवण चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण निऱ्या मागे कशा? आमचे पुरुष किमोनोवर हाकामा नेसतात, त्याच्या निऱ्या पुढे असतात."

जयंतीला त्यांना मिठीच मारावीशी वाटली. चार वर्षांनी पृथ्वीच्या पाठीवर एक शहाणं माणूस भेटलं होतं! त्या दिवशी तिनं चिबासानना निऱ्या, नऊवारी आणि ग्लासगोच्या लोकांचा उद्धटपणा हे सगळं मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं. चिबासाननी सगळं ऐकून घेतलं आणि "साहजिक आहे," म्हणाल्या. त्यांची दोस्ती झाली ती अशी.

चिबासाननी श्रीहरीचं वाजवणं चाळीतल्या खोलीत ऐकलं होतं. नगरपालिकेनं नवीन घर दिलं तरी त्या बँडचा एकही कार्यक्रम चुकवायच्या नाहीत. "आमच्या यांना ऐकू कमी यायचं," त्या म्हणायच्या. "हे वाद्य ऐकू येईल त्यांना."

मग २०१६च्या अखेरीस एक दिवस त्या तो कोट घेऊनच जयंतीच्या घरी आल्या. मार्चमध्ये किनाऱ्यावर वस्तीतल्या सगळ्या गेलेल्यांचं सातवं स्मरण होतं. जपानात माणूस गेला तो दिवस धरून मोजतात, म्हणून सहा वर्षांनी सातवं. बँड तिथं वाजवणार होता.

"खुंटीवर टांगलेला कोट कुणाच्याच अंगात जात नाही," चिबासान म्हणाल्या. "याचा किल्ट करते. श्रीहरीसान त्या दिवशी घालेल का? यांच्याऐवजी."

श्रीहरीनं खाली बसून, कपाळ जवळजवळ तातामीच्या चटईला टेकवून, घालीन म्हणून सांगितलं.

हिवाळाभर काम चाललं. एका किल्टला सात-आठ मीटर कापड लागतं, कोटात तेवढं कुठलं? तेव्हा मागच्या निऱ्यांसाठी त्याच राखाडीची नवी लोकर आणली आणि पुढं एकमेकांवर येणारे जे दोन सपाट पल्ले असतात, ते कोटाच्या पुढच्या दोन बाजूंचे केले. डाव्या बाजूचा डावा पल्ला, उजव्या बाजूचा उजवा. कुठं जोड दिला आहे हे भिंग लावून शोधावं लागेल. निऱ्या जयंतीनं घातल्या आणि दाबल्या, मागे तर मागे, पण अशा की बघतच राहावं. मापं घ्यायला चिबासान श्रीहरीला एकट्याला बोलवायच्या. दुसऱ्या खेपेला तो परत आला तो फार गप्प होता.

चौकडी नाही, गोंडा नाही, झालर नाही. एखाद्या कारकुनाच्या पँटसारखा साधा. श्रीहरीनं तो हातात घेतला तेव्हा जयंतीला तो लाल प्रकार आठवला. हाच का तो माणूस, असं तिच्या मनात आलं.

आणि फेब्रुवारीत समितीचा कागद आला. स्मरणाच्या कार्यक्रमात कोण कुठं उभं राहणार त्याचा. बँडच्या सात जणांची नावं एका ओळीत. श्रीहरीचं नाव खाली वेगळं. भारतातील पाहुणे, भारतीय पोशाखात, बँडच्या बाजूला.

"हे काय आहे?" जयंतीनं कागद हलवत विचारलं.

"समितीचे किकुचीसान मला शोधत होते, मी नव्हतो. दिगंबररावांना फोन केला. ते म्हणाले, आनंदानं. झब्बा-सुरवार आणि वर फेटा. फेटा ते स्वतःचा देणार आहेत."

"तुला कुणी विचारलं?"

"मला कळवलं. जाऊ दे ना, जयंती. मी किल्ट सुरवारीवरून घालतो."

"सुरवारीवरून!" जयंती ओरडली. "फेटा, झब्बा, सुरवार आणि वर किल्ट? तमाशा काढताय का त्या बाईच्या नवऱ्याच्या नावानं?"

लग्नाच्या अकरा वर्षांत तिनं हे 'जाऊ दे' इतक्यांदा ऐकलं होतं, की आता त्याच्यावर नुसतं चिडून भागणार नव्हतं. ती उठली आणि गुरुवारी समितीच्या बैठकीला जाऊन बसली. कुणी बोलावलं नव्हतं. किकुचीसान अत्यंत सभ्य माणूस, आणि सभ्य माणसाशी भांडण्याइतकं अवघड काम जपानात दुसरं नाही. त्यांनी आधी तिला चहा दिला.

"भारतातून आलेल्या पाहुण्यांनी आपला पोशाख घातला, तर सगळ्यांना फार आनंद होईल," ते म्हणाले.

"पाहुणा कोण?" जयंतीनं विचारलं. "पाच वर्षं झाली आम्हाला इथं. माझा नवरा कचरा सात प्रकारांत वेगळा करतो. गल्लीतलं गवत काढायला रविवारी सहाला उठतो. तुमच्यात पाहुण्यांना गवत काढायला लावतात?"

"तसं नाही. पण भारतीय माणूस स्कॉटलंडच्या पोशाखात, म्हणजे बघणाऱ्यांचा जरा गोंधळ होईल."

"आणि हे?" तिनं कोपऱ्यात बसलेल्या सुगावारासानकडे बोट केलं. बोट दाखवणं वाईट दिसतं हे तिला ठाऊक होतं. "हे स्कॉटलंडच्या कुठल्या डोंगरातून आले? तीस वर्षं सेंदाईची बस चालवली यांनी. यांना किल्टमध्ये बघून कुणाचा गोंधळ होत नाही?"

"ते बँडमधले आहेत."

"आणि श्रीहरी कुठला आहे?"

तिच्या जपानीतले आदराचे प्रत्यय एव्हाना एकेक करून गळून पडले होते. जपानी माणसानं किल्ट घातला तर ती हौस, गोऱ्यानं घातला तर परंपरा, आणि भारतीय माणसानं घातला तर गोंधळ! त्यानं आपलं जन्मभर फेटा बांधून बाजूला उभं राहायचं आणि फोटोत रंग भरायचा. हे सगळं तिला जपानीत म्हणता आलं नाही, म्हणून तिनं टेबलावर हात आपटला आणि कपातला चहा सांडला. मग तिनं तो रुमालानं पुसला, आणि पुसता पुसता तिला आणखी राग आला.

सुगावारासान कोपऱ्यातून पुढं सरकले.

"फेटा किती लांब असतो?" त्यांनी विचारलं.

"आठ-नऊ मीटर."

"मग आठ फेटे मागवा. श्रीहरीसान पोशाख बदलणार असेल तर आम्ही सगळेच बदलू. आमची काही हरकत नाही."

किकुचीसाननी दातांच्या फटीतून हवा आत ओढली. जपानात याचा अर्थ माघार.

"सगळा बँड किल्टमध्येच असावा हेच योग्य," ते म्हणाले. "फक्त एवढंच, की काही चुकीचं दिसू नये. त्या दिवशी घरची माणसं असतात."

ती जिंकली होती. पण 'चुकीचं' हा शब्द तिच्या डोक्यात राहून गेला.

फेटा नको असा निरोप मिळाल्यावर दिगंबरराव पुढच्या आठवड्यात घरी आले. जरा फुरंगटलेले. जयंतीनं मुद्दाम त्यांच्यासमोर कपाट उघडून तो राखाडी किल्ट दाखवला. बघा म्हटलं, काय काम आहे. दिगंबररावांनी पुढून पाहिला, मागून पाहिला, मग फोन काढून त्यावर काहीतरी शोधलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहो वहिनी, हा तर बायकांचा आहे!"

"काय?"

"हे बघा ना. पुरुषांचा डावा पल्ला वर येतो आणि पट्टे उजव्या बाजूला लागतात. हा बघा, उजवा पल्ला वर आणि पट्टे डावीकडे. उलटा! मी तेव्हाच म्हणालो होतो की नाही, परकर!"

ते हसत हसत गेले. जयंती किल्ट मांडीवर घेऊन बसून राहिली. सात वर्षं तिचं सगळं लक्ष निऱ्या पुढे की मागे याच्यात. डावं-उजवं तिनं कधी बघितलंच नव्हतं. बँडचा हिरवा-निळा काढून पाहिला. त्याचे पट्टे उजवीकडे. दिगंबरराव बरोबर होते, आणि तेच तर सहन होत नव्हतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी, चुकली असेल. पण भर कार्यक्रमात दिगंबरराव हे शेजारच्याच्या कानात सांगणार, किकुचीसान दातांतून हवा ओढणार आणि ग्लासगोसारखं पुन्हा सगळे हसणार, आणि या वेळी हसणार ते चिबासानच्या हाताला. ते ती होऊ देणार नव्हती.

शुक्रवारी दुपारी श्रीहरी लॅबमध्ये असताना तिनं बारीक कात्रीनं पट्टे उसवले, दोन्ही पल्ले उलट एकमेकांवर घेतले आणि पट्टे उजवीकडे शिवून टाकले. कातडं जाड, सुई दोनदा तुटली. श्रीहरीला सांगितलं नाही. तो जाऊ दे म्हणाला असता. किल्ट पिशवीत घातला आणि उद्या कुणाची हसायची हिंमत आहे ते बघू, असं स्वतःशीच म्हणाली.

अकरा मार्चला किनाऱ्यावर वारा असा होता की डोळ्यांतून पाणी यावं. जिथं वस्ती होती तिथं आता सपाट माळ, मध्ये एक नवा चौथरा आणि एका बाजूला सभागृह. श्रीहरी पँटमध्येच आला होता. चिबासाननी सांगून ठेवलं होतं, किल्ट मी नेसवणार. सभागृहाच्या मागच्या खोलीत बँडमधल्यांनी पाठ फिरवली, श्रीहरीनं पँट काढली आणि चिबासाननी पिशवीतून किल्ट काढून त्याच्या कमरेभोवती आणला. डावा पल्ला आतून घेतला, उजवा वरून आणला आणि डाव्या बाजूचा पट्टा चाचपला.

पट्टा नव्हता. त्यांची बोटं जुन्या टाक्यांच्या भोकांवर थांबली.

"माझ्याकडून तो उलटा झाला होता का?" त्यांनी विचारलं. जयंतीकडे न बघता, अगदी नम्रपणे.

"मी नीट केलाय," जयंती म्हणाली. "तुम्ही काळजी करू नका."

"असं होय," चिबासान म्हणाल्या. "त्रास घेतलात." आणि त्यांनी हात खाली घेतले.

श्रीहरीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"जयंती, हे तू केलंस?" तो मराठीत म्हणाला.

"मग कोण करणार? पुरुषांचा डावा पल्ला वर असतो. लोक हसले असते."

"जिवंत माणसाचा," श्रीहरी म्हणाला. "किमोनोसुद्धा जिवंत माणसाचा डावा वर. गेलेल्याला उजवा वर घेऊन नेसवतात. त्यांनी मला विचारलं होतं, मापं घेताना. मी हो म्हटलं होतं." आणि मग, तिला अजून कळत नाही असं वाटून की काय, एकच शब्द म्हणाला, "अपसव्य."

जयंतीला वडिलांचं श्राद्ध डोळ्यांसमोर आलं. भाऊ पाटावर बसलेला, गुरुजी म्हणताहेत, अपसव्य करा, आणि भाऊ जानवं डाव्या खांद्यावरून काढून उजव्या खांद्यावर घेतोय. देवांसाठी सव्य, पितरांसाठी उलट. दुकानात तीन हजार किमोनोंच्या घड्या घातल्या असतील तिनं, आणि डावी बाजू वर का, हे तिला तिच्या स्वतःच्या भाषेतल्या शब्दानं आज कळत होतं. पन्नास वर्षं किमोनो शिवलेली बाई डावं-उजवं चुकेल, असं तिला वाटलंच कसं?

"मला का नाही सांगितलंस?" ती श्रीहरीवर ओरडली. "एरवी सगळं जाऊ दे, जाऊ दे, आणि हे पोटात ठेवलंस?"

"तू मला घालू दिला नसतास. जिवंत माणसानं असा घालणं अशुभ म्हणतात."

ते खरंच होतं. तिनं आकांडतांडव केलं असतं. हे खरं आहे म्हणून तिला त्याचा राग आला, दिगंबररावांचा आला, त्यांच्या फोनचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या हातांचा आला. दुसऱ्यांनी श्रीहरीला विचारलं नाही म्हणून तिनं टेबलावर हात आपटला होता, आणि चिबासानना तिनं तरी कुठं विचारलं होतं?

दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. दोन शेहेचाळीसला, भूकंपाच्या वेळेला, भोंगा होणार होता.

"कात्री," जयंती म्हणाली. "चिबासान, कात्री आणि सुई आहे?"

चिबासाननी ओबीच्या, म्हणजे किमोनोच्या कमरपट्ट्याच्या, आतून सुयांची डबी आणि छोटी कात्री काढली. बिनसुईची ती बाई कधी घराबाहेर पडलीच नसेल. श्रीहरी थंडीत तसाच उभा, कमरेला टॉवेल. दोघी जमिनीवर बसल्या. जयंतीनं आपले टाके दातांनी आणि कात्रीनं तोडले, कातडं हाताला कापत होतं. पट्टे दोन, एक चिबासाननी घेतला, एक तिनं. तिचा एक टाका पडेपर्यंत चिबासानचे तीन पडत होते.

"मला माफ करा," जयंती जपानीत म्हणाली. त्या भाषेत माफी मागायचे पंधरा तरी प्रकार आहेत. तिला त्या वेळी सगळ्यात साधा आठवला.

"यांनाही घाईत कपडे घालायची सवय होती," चिबासान सुईवरून नजर न काढता म्हणाल्या.

दोन चाळीसला चिबासाननी उजवा पल्ला डाव्यावर आणला आणि डाव्या बाजूला पट्टे ओढून बसवले. मग कोटाच्या खांद्यावर हात ठेवावा तसा पुढच्या लोकरीवर एकदा हात ठेवला. किकुचीसान बोलवायला दारात आले. त्यांचं लक्ष पल्ल्यांकडे गेलं, तोंड उघडलं, मग नजर चिबासानकडे गेली, आणि तोंड मिटून ते कमरेत वाकले ते बराच वेळ तसेच राहिले.

चौथऱ्यापाशी लोक उभे होते. मराठी मंडळाची चार माणसं एका बाजूला. जयंती त्यांच्याजवळून पुढं जायला लागली तशी दिगंबररावांनी मान लांब केली.

"अहो वहिनी," ते कुजबुजले, "अजून उलटाच आहे की तो! श्रीहरीला सांगितलं नाहीत?"

जयंती थांबली. ती कुजबुजली नाही.

"तो श्रीहरीचा नाहीच, दिगंबरराव. चिबासानच्या यजमानांचा कोट आहे तो. त्या दिवशी त्यांच्या अंगावर नव्हता. आज आहे."

दिगंबररावांनी डोक्यावरची लोकरीची टोपी काढली आणि ती हातात चुरगाळत उभे राहिले. भोंगा झाला. माणसं समुद्राकडे तोंड करून स्तब्ध उभी राहिली. मग श्रीहरी एकटा चार पावलं पुढं गेला, बॅगपाइपची पिशवी काखेत दाबली आणि वाजवायला लागला. वारा समोरून येत होता, सूर मागं माणसांकडेच फेकत होता.

चिबासान जयंतीच्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी तिची बाही ओढली.

"अजून मोठ्यानं वाजवायला सांगाल का?" त्या म्हणाल्या. "यांना ऐकू कमी येतं."

त्या वाद्याला आवाज वाढवायची सोय नाही, हे जयंतीइतकं सेंदाईत कुणालाच माहीत नव्हतं.

"श्रीहरी," सगळ्या स्तब्ध माणसांच्या मधून ती मराठीत ओरडली, "मोठ्यानं!"